कुत्र्याच्या हृदयाची झडप आणि त्याचा श्वास

प्रश्न : आमचा पॉमेरेनियन ११ वर्षांचा आहे. तपासणीत त्याच्या हृदयाची झडप गळत असल्याचे, मात्र फुफ्फुसांत पाणी नसल्याचे डॉक्टरांनी सांगितले. तरीही तो रात्री खोकतो. हा खोकला कशाचा, आणि धोका कसा ओळखावा?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : उतारवयात लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू जाड होते व नीट मिटेनाशी होते. मग प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त महाधमनीत जाण्याऐवजी मागे डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, परतते आणि हा भार सोसून कर्णिका फुगत जाते. तिच्या वरच्या अंगालाच डावी मुख्य श्वासनलिका असते. फुगलेली कर्णिका तिला रेटते आणि नलिका मुळातच मऊ पडलेली असेल, जशी ती पॉमेरेनियनमध्ये पुष्कळदा असते, तर फुफ्फुसे स्वच्छ असूनही खोकला येतो. म्हणूनच केवळ खोकल्यावरून, फुफ्फुसांतले पाणी उतरवण्यासाठी असलेले लघवी वाढवणारे औषध सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फुफ्फुसांत पाणी होणे ही पुढची पायरी. कर्णिकेतील दाब फुफ्फुसांतून येणाऱ्या शिरांपर्यंत पोहोचला, की केशवाहिन्यांतून द्रव झिरपून वायुकोशांत साठतो, प्राणवायू रक्तात पुरेसा मिसळत नाही आणि कुत्रा भराभर श्वास घेऊ लागतो. हा बदल खोकल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे, आणि तो घरीच कळतो. कुत्रा गाढ झोपेत असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास, असे मिनिटभर मोजून रोज वहीत लिहावे. नाशिकच्या मे महिन्यात जागा कुत्रा धापा टाकणारच, त्यामुळे ती मोजणी धरू नये. झोपेतला आकडा साधारणतः ३०च्या आत असतो. तो त्यावर टिकून राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मान ताणून, कोपरे फाकवून बसणे, आडवे होण्याचे टाळणे किंवा हिरड्या निळसर दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास रात्र असली तरी थांबू नये.

एक्स-रे व इको (हृदयाची सोनोग्राफी) यांमध्ये हृदय ठरावीक मर्यादेपलीकडे वाढलेले दिसले, तर पाणी होण्याआधीच पिमोबेंडन हे हृदयाला बळ देणारे औषध देता येते; २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ अभ्यासात त्यामुळे हृदय निकामी होणे सुमारे १५ महिने लांबल्याचे आढळले. इको झाला नसेल तर तो अवश्य करून घ्यावा. पुढे कधी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध सुरू झाले आणि लघवी वाढली, तर पिण्याचे पाणी मात्र तोडू नये.