डब्याला नाव असलेल्या गाड्या

प्रश्न : माझा भाचा जपानमध्ये ओकायामाला शिकतो. तो सांगतो, तिथली माणसं बंद झालेल्या जुन्या एक्सप्रेस गाड्यांच्या आठवणीने हळवी होतात. बुलेट ट्रेनच्या देशात त्या डिझेल गाड्यांचं एवढं काय?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : मी पूर्णा जंक्शनला गार्ड होतो. तुमचं पत्र वाचलं आणि मला आमची मीटरगेजवरची मीनाक्षी एक्सप्रेस आठवली. अकोला, खंडवा करत ती जयपूरला जायची. हिंगोली-वाशिमचा माणूस गाडी न बदलता राजस्थानात उतरायचा. ब्रॉडगेज आलं, ते हवंच होतं. पण ती गाडी गेली ती गेलीच.

जपानी लोकांचं दुःख याच जातीचं आहे. तिथे एक्सप्रेसला ‘क्यूको’ म्हणतात. साध्या तिकिटावर थोडे जादा पैसे भरले की बसता यायचं. तिच्या वरची, जास्त महाग ती ‘तोक्क्यू’. क्यूको लहान गावांची गाडी होती. १९६१ पासून त्यांनी ‘किहा ५८’ जातीचे डिझेल डबे बांधले, सगळे प्रकार धरून अठराशेच्या वर. डोंगरी मार्गांसाठी एकेका डब्याखाली १८० अश्वशक्तीची दोन-दोन इंजिनं. समोरासमोरची बाकं, उघडणाऱ्या खिडक्या.

त्यातली एक गोष्ट मला, गार्ड म्हणून, फार मोठी वाटते. आपल्याकडे जंक्शनवर डबे तोडायचे तर शंटिंगचं इंजिन बोलवा, पॉइंट्समनला उभा करा, तोवर प्रवासी चहा पिऊन कंटाळलेले. तिथे इंजिन डब्याखालीच. कपलिंग सुटलं की पुढचे डबे एका खोऱ्यात, मागचे दुसऱ्या. तीन-तीन, चार-चार नावांच्या एक्सप्रेस एकाच रांगेत निघायच्या आणि वाटेत पांगायच्या. दोन डब्यांची का होईना, गावाला स्वतःच्या नावाची गाडी मिळायची. एवढ्या बारीक हिशेबाचं वेळापत्रक बसवणाऱ्यांना मी मनापासून मानतो.

मग घरोघरी मोटारी आल्या, महामार्ग झाले. १९८२ मध्ये ईशान्येकडे मोरिओकापर्यंत शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पोचली आणि त्या भागातल्या कितीतरी क्यूको त्याच वर्षी वेळापत्रकातून उतरल्या. उरलेल्यांपैकी काहींना तोक्क्यू करून भाडं वाढवलं, काहींना जादा आकार नसलेल्या जलद गाड्या केलं. मधली पायरीच निघाली. सर्वांत शेवटची नियमित क्यूको म्हणजे आओमोरी ते सापोरो रात्रीची ‘हामानासु’. हे समुद्रकाठच्या रानगुलाबाचं नाव. ५३.८५ किलोमीटरच्या सेइकान बोगद्यातून ती जायची. शिनकानसेन उत्तरेच्या होक्काइदो बेटावर शिरली आणि मार्च २०१६ मध्ये तीही थांबली.

तुमच्या भाच्याच्या तर दारातच हा इतिहास आहे. जपान रेल्वेची दिवसा धावणारी शेवटची नियमित क्यूको होती ओकायामा ते त्सुयामा, साठेक किलोमीटरची. नावही ‘त्सुयामा’च. २००९ ला बंद झाली. त्सुयामात १९३६ ची पंख्याच्या आकाराची इंजिनशेड आहे, सतरा रुळांची. आता तिथे रेल्वे संग्रहालय आहे आणि किहा ५८ तिथे उभा आहे. त्याला सुट्टीत जाऊ द्या. जुन्या डब्यांच्या कुशीवर गाडीच्या नावाच्या, गावाच्या पत्र्याच्या पाट्या लावत, तिकडे त्यांना ‘साबो’ म्हणतात. त्याला तिथे एखादी दिसली, तर फोटो काढून मला या पत्त्यावर पाठवा. मीनाक्षीच्या पाटीचा फोटो माझ्याकडे नाही.