शेडखालचा ग्राउंडहॉग: सफरचंद घालणारा शेजारी बरोबर की गोळी घाला म्हणणारा?

तुम्ही पेनसिल्व्हेनियात नवीन घर घेतलंय. शेडखाली ग्राउंडहॉगचं, म्हणजे खारीच्या कुळातल्या एका जाडजूड प्राण्याचं, बीळ आहे. एक शेजारी त्याला सफरचंदाच्या फोडी घालतो, दुसरा म्हणतो गोळी घाला. ऐकायचं कोणाचं, हा तुमचा प्रश्न. मी याच राज्यात 14 वर्षं परसात भाजी लावतेय आणि माझ्या दोन्ही अंगांना असेच शेजारी आहेत.

गोळीवाल्याला लगेच निर्दयी ठरवू नका. माझ्या शेजारच्या आजोबांचा जन्म शेतीत गेलाय. ग्राउंडहॉगला ते 'व्हिसल-पिग' म्हणतात, कारण घाबरला की तो शीळ घालतो. सोयाबीनची कोवळी रोपं तो बांधाकडून आत फस्त करत जातो, पण आजोबांचा खरा राग बिळावर आहे. गवतात बिळाचं तोंड दिसत नाही आणि ट्रॅक्टरचं चाक त्यात जातं. कोठाराच्या पायाखालची माती पोकळ होते ती वेगळीच. हा राग जुना आहे. न्यू हॅम्पशायर राज्याने 1883 साली दर ग्राउंडहॉगमागे 10 सेंट इनाम लावलं होतं. आपल्या राज्यात आजही परवाना असला की त्याची शिकार जवळजवळ वर्षभर चालते.

आणि याच राज्यात, पंक्सटॉनी गावाजवळच्या टेकडीवर, 2 फेब्रुवारीच्या पहाटे हजारो माणसं कुडकुडत फिल नावाच्या ग्राउंडहॉगची वाट बघतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी 6 आठवडे. 1887 पासून हे चालू आहे. जर्मन लोक इथे आले तेव्हा ही समजूत घेऊन आले. त्यांच्याकडे तो मान बॅजरचा होता, इथे तो ग्राउंडहॉगला मिळाला.

मला यात विसंगती वाटत नाही. माझे वडील कोकणात शनिवारी मारुतीला तेल वाहायचे आणि रविवारी गोफण घेऊन माकडांपासून भुईमूग राखायचे. शेवटी भुईमूग करणंच सोडलं, मारुती नाही सोडला. ज्याच्या ताटातलं जातं त्याला राग येतो, एवढंच. सफरचंद घालणाऱ्या माझ्या शेजारणीला हरणं डोळ्यांसमोर नको असतात, कारण ती तिची होस्टाची शोभेची झाडं खातात आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी त्यांच्या अंगावर पोसतात. उलट आजोबा हरणाची शिकार करतात, हिवाळाभर ते मांस खातात, आणि हरणाबद्दल किती आदराने बोलतात!

माझा स्वतःचा घेवडा या प्राण्याने दोन वर्षं जमिनीसपाट केला. पहिल्या वर्षी मी रडले. मग त्याच्याबद्दल वाचायला लागले. थंडीत तो बिळात निजतो तेव्हा मिनिटाला 80 च्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके 5 वर येतात. त्याच्या सोडलेल्या बिळात कोल्हे, ससे, स्कंक राहतात. हे कळल्यावर त्याला मारायचं मनात येईना.

तर मी केलं ते सांगते. वाफ्याभोवती सव्वा मीटर उंचीची तारेची जाळी लावली, खाली 30 सेंटिमीटर पुरून बाहेरच्या बाजूला वळवली. वरची वीतभर जाळी खांबाला बांधलीच नाही. तो उत्तम चढतो, पण डुगडुगत्या जाळीवर त्याला पाय रोवता येत नाही. त्यानंतर घेवडा वाचला.

सफरचंद घालू नका. तो माणसाला सरावतो आणि त्या फोडींवर रात्री रॅकून, स्कंकही येतात. अमेरिकेत कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये रेबीजच्या सर्वाधिक नोंदी ग्राउंडहॉगच्या आहेत, त्यामुळे दिवसा झोकांड्या खाणारा किंवा अंगावर येणारा दिसला तर जवळ जाऊ नका.

पिंजऱ्यात धरून दूर जंगलात सोडणं दयेचं वाटतं, पण राज्याच्या वन्यजीव खात्याला विचारल्याशिवाय ते करू नका. त्यावर निर्बंध असतात. शिवाय एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात. आई धरली तर ती खाली उपाशी मरतात. शेडखालून काढायचाच असेल तर पिल्लं स्वतंत्र झाल्यावर, उन्हाळा सरता सरता काढा, आणि थंडी पडायच्या आत. ऑक्टोबरच्या पुढे तो झोपी जातो.