२०२४ मध्ये आलेल्या व्हिडिओ गेम्सपैकी तुमचे आवडते पाच कोणते, क्रमानं सांगाल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आठवड्याला जेमतेम तीन तास मिळतात, आणि "अडकलो तर वॉकथ्रू बघेन, त्यामुळे कोडी अवघड असली तरी चालतील." (वॉकथ्रू म्हणजे गेम कसा सोडवायचा ते पायरीपायरीनं सांगणारी तयार उत्तरं.) क्रम देते. पण खरं सांगायचं तर हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून मी लिहायला बसले.

पहिला अ‍ॅनिमल वेल. दुसरा लॉरेलाय अँड द लेझर आईज. तिसरा प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राऊन. चौथा बालाट्रो, पाचवा अ‍ॅस्ट्रो बॉट. एल्डन रिंगचं शॅडो ऑफ द अर्डट्री धरलेलं नाही. मूळ गेम २०२२ चा, हा त्याचा विस्तार. द गेम अवॉर्ड्स या गेम्सच्या वार्षिक पुरस्कारांनी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं नामांकन दिलं तेव्हाही मला ते पटलं नव्हतं.

अ‍ॅनिमल वेल ९ मे २०२४ ला आला. बिली बासो या एकट्या माणसानं सुमारे सात वर्षं खपून तो केला, गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिनसुद्धा स्वतःच लिहिलं. अख्खा गेम ४० एमबीच्या आत बसतो. तुम्ही म्हणजे एक इवलासा गोळा. फुलातून बाहेर पडता आणि त्यानंतर गेम तुम्हाला काही म्हणजे काही समजावून सांगत नाही. तलवार नाही, बंदूक नाही. हाती लागतात ती खेळणी: फटाके, साबणाचे फुगे काढायची कांडी, यो-यो, बासरी. फुग्यावर उभं राहता येतं हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी आधी ओलांडून आलेल्या कितीतरी खोल्या डोक्यात पुन्हा उघडल्या. तिथे वर काहीतरी होतं, तिकडे कडेला फट होती. गेमनं नवं काही दिलं नव्हतं, मला फक्त हातातली वस्तू नीट दिसली होती. या एका गोष्टीसाठी मी गेम खेळते.

या विहिरीत (नावातलं वेल म्हणजे विहीर) ६४ अंडी लपवलेली आहेत. मी एक वही केली, चौकोनांची. अंडं सापडलं की चौकोनात बरोबरची खूण. भिंतींवर दिशा दाखवणाऱ्या खुणा असतात, त्या म्हणजे बासरीचे सूर आहेत हे मला खेळताना सुचलं नाही. ऑफिसच्या जिन्यात सुचलं, दोन मजल्यांच्या मधे. मी तिथेच थांबून हातावर पेनानं बाण काढले आणि संध्याकाळपर्यंत हात धुताना ते जपले.

आता दादाबद्दल. आम्ही लहानपणापासून एकाच कंट्रोलरवर वाढलो, आणि लहानपणापासून आमचं एकच भांडण आहे. तो अडकला की पाच मिनिटांत उत्तर शोधतो. मी आठवडाभर अडकून राहते. तो म्हणतो, "अगं, भिंतीवर डोकं आपटण्यात कसली आलीये मजा?" मी म्हणते, तू गेम खेळत नाहीस, तो उरकतोस. दर ३१ डिसेंबरला आम्ही दोघं आपापली यादी काढतो आणि एकमेकांची खोडतो, तेही याच मुद्द्यावर.

माझी ५८ अंडी झाली होती तेव्हा दादानं गेम घेतला. शनिवारी संध्याकाळी सुरू केला, वॉकथ्रू शेजारी उघडा ठेवला, रविवारी रात्री संपवला. सोमवारी जेवताना माझी वही चाळली, एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे राहिलंय होय? अगं, सोपंय..." आणि सांगून टाकलं. एका वाक्यात. त्या खोलीपाशी मी एकोणीस दिवस येत-जात होते. काय काय करून बघितलं होतं त्याची दीड पानं नोंद होती. मी ताट उचललं आणि उठले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. घरच्यांना वाटलं, एका गेमवरून एवढं काय! दादाला तर खरंच कळलं नव्हतं, त्याला मदत केल्यासारखं वाटत होतं. त्याच्या मनात वाईट नव्हतं हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण सांगितलेलं परत घेता येत नाही.

बाकीची पाच अंडी मी स्वतः शोधली. तो एक चौकोन अजून रिकामा आहे. अंडं गेममध्ये माझ्याकडे आहे, वहीत नाही.

दादाचा एक युक्तिवाद मात्र मला काही दिवस अडवत होता. अ‍ॅनिमल वेलच्या खोलवरच्या थरात एक भित्तिचित्र आहे, त्याचे ५० तुकडे आहेत आणि एका खेळाडूला त्यातला एकच मिळतो. (हे सांगितलं तरी कोडं फुटत नाही, म्हणून सांगतेय.) म्हणजे ते एकट्यानं सुटणं शक्यच नाही, लोकांनी तुकडे जुळवूनच ते सोडवलं. दादा म्हणाला, "बघ, बनवणाऱ्यालाच वाटतं की लोकांना विचारावं." माझं म्हणणं असं की तिथे प्रत्येकजण स्वतःकडचा तुकडा घेऊन येतो. वॉकथ्रू उघडणारा रिकाम्या हातानं येतो.

लॉरेलाय स्वीडनच्या सिमोगो या स्टुडिओचा, अ‍ॅनिमल वेलनंतर आठवड्याभरातच आला. काळापांढरा, मधूनच लाल, एक जुनं हॉटेल आणि कुलपंच कुलपं. कागद-पेन्सिल नसेल तर घेऊच नका. यात एकच बटण सगळी कामं करतं, मागे जायचं बटणच नाही, त्याचा वैताग येतो. तरी दुसरा. प्रिन्स ऑफ पर्शियातल्या मारामारीचं कौतुक सगळे करतात, मला त्याचा नकाशा आवडला: एखाद्या जागी जाता येत नसेल तर तिथलं चित्र टिपून नकाशावर टाचून ठेवता येतं. माझ्या वहीचं काम गेमच करतो. अ‍ॅस्ट्रो बॉटला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला आणि त्यात कंट्रोलरमधून हाताला जे जाणवतं ते दुसरीकडे कुठे नाही, पण तो संपला आणि माझ्या मनात काही उरलं नाही.

बालाट्रो चौथा का, असं दादा विचारतो, कारण माझे त्यात १४० तास झालेत आणि अ‍ॅनिमल वेलमध्ये चाळीसच. तासांवरून क्रम लावायचा नसतो. पत्त्यांचा गेम आहे: पोकरचे हात, १५० जोकर, चिप्स (म्हणजे गुण) गुणिले मल्ट (म्हणजे गुणक), रचना अप्रतिम आहे, आणि एका अनामिक माणसानं ती एकट्यानं उभी केली. (जुगाराशी जोडलेली दृश्यं आहेत म्हणून युरोपात त्याला १८ वर्षांवरचं रेटिंग दिलं होतं, ते २०२५ मध्ये १२ वर आणलं, योग्यच केलं.) पण माझे कितीतरी डाव दमलेल्या रात्री झोप टाळण्यासाठी खेळलेले आहेत. ते तास मी आवडीत धरत नाही.

तुमच्या तीन तासांबद्दल. लोक तुम्हाला सांगतील की वेळ कमी असेल तर कोड्यांच्या गेमकडे जाऊ नका. माझं मत बरोबर उलट आहे. अ‍ॅक्शन गेम कंट्रोलर खाली ठेवला की थांबतो. कोडं तुमच्याबरोबर भांडी घासायला येतं, रांगेत उभं राहतं, जिना चढतं. तीन तास खेळाल आणि आठवडाभर तो गेम डोक्यात चालू राहील. वॉकथ्रू बघितलात तर खरोखर तीनच तास उरतील.

हे सगळ्यांना लागू नाही, तेही सांगते. बोटं दुखत असतील, रंग नीट ओळखता येत नसतील, उडी वेळेत बसतच नसेल, तर खुशाल मदत घ्या. ती अडचण शरीराची आहे, कोड्याची नाही. आणि मेटाफर: रीफँटाझिओ हा २०२४ चाच आणखी एक गाजलेला गेम मी खेळलेला नाही, म्हणून तो यादीत नाही.

त्या ३१ डिसेंबरला दादाच्या यादीत अ‍ॅनिमल वेल नव्हता. मी विचारलं, का रे? तो थोडा वेळ आठवत राहिला. म्हणाला, "चांगला होता. पण त्यात नेमकं काय काय होतं ते आता आठवत नाही गं."

तेव्हा अ‍ॅनिमल वेलनं सुरुवात करा. वही जवळ ठेवा. घरात कुणी तो आधी खेळून बसलं असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.