थँक्सगिव्हिंग : मुकुट नकोत, मका सांगा

प्रश्न : अमेरिकेतल्या आमच्या मराठी शाळेत तिसरी-चौथीच्या मुलांना थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरातला आभार मानण्याचा अमेरिकी सण) कसं शिकवावं?

उत्तर : पिसांचे कागदी मुकुट करू नका, वाम्पानोआग लोक (तिथले मूळ रहिवासी) म्हणजे सोंग, एवढंच मुलांच्या डोक्यात बसतं. मक्यापासून सुरुवात करा. प्लिमथ वसाहतीतल्या इंग्रजांना मासे खत म्हणून घालून मका लावायला टिस्क्वांटम या मूळ रहिवाशाने शिकवलं. १६२१च्या सुगीला वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे ९० माणसं घेऊन आला, त्यांनी ५ हरणं आणली, मेजवानी ३ दिवस चालली. पुढे याच वाम्पानोआग लोकांच्या जमिनी गेल्या, हेही जरूर सांगा.

या सणाला मुलं लिहितात त्या कृतज्ञतेच्या चिठ्ठीत ‘आईबाबांचे आभार’ असं मोघम येतं, कारण प्रश्नच मोघम असतो. कोणी, काय केलं, त्यानं माझं काय सोपं झालं, अशी ३ वाक्यं लिहून घ्या. चिठ्ठी फळ्यावर न लावता त्या माणसाच्या हाती द्यायला लावा.