वडिलोपार्जित दोन एकर विकायचीये, वडील वारलेत पण सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे, सरकारी मोजणीला खरंच 25 हजार लागतात का?

नाही लागत. दोन एकर म्हणजे 80 गुंठे, हेक्टरसुद्धा भरत नाही. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीची फी 2,000 आणि द्रुतगतीची 8,000 आहे, नगरपालिका-महापालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत 3,000 आणि 12,000. साधी, तातडी, अतितातडी हे जुने प्रकार 2024 च्या शेवटी बंद झाले. नियमितला 90 दिवसांची मुदत, द्रुतगतीला 30. फक्त फी गट नंबरप्रमाणे लागते, दोन एकर दोन गटांत असेल तर दोनदा भरावी लागेल. पैसे ऑनलाइन चलनानेच भरा, एजंटच्या हातात रोख देऊ नका, चलन स्वतःकडे ठेवा.

तुम्ही लिहिलंय की सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे आणि ते वारलेत, मग आधी वारस नोंद करून घ्या कारण अर्ज खातेदारालाच, म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच करता येतो, म्हणूनच घेणारा स्वतः मोजणी मागवू शकत नाही. आणि भावाबहिणींची नावं एकत्र लागून तुम्ही फक्त तुमचाच हिस्सा विकणार असाल तर नुसती हद्द कायम मोजणी, म्हणजे अख्ख्या गटाच्या बाहेरच्या हद्दी दाखवणारी, पुरणार नाही, प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजणारी पोटहिस्सा मोजणी लागेल. एकत्र कुटुंबाच्या नोंदणीकृत वाटणीपत्रावर ही मोजणी 2025 पासून हिश्श्याला 200 रुपयांत होते, त्याचा फायदा घ्याच.

फी कोणी भरायची हे दोघांनी ठरवायचं आणि साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) लिहून घ्यायचं. माझं मत विचाराल तर विकणाऱ्याने भरावी आणि सौदा मोजून निघेल त्या क्षेत्रावर गुंठ्याच्या भावाने करावा. आमच्या मामांच्या रानात शेजाऱ्याने वर्षानुवर्षं बांध कोरलेला होता, कागदावर एक आणि जाग्यावर भलतंच, मोजणी खरेदीखताच्या आधी झाली म्हणून घेणाऱ्याशी भांडण न होता भाव जुळवता आला.

अजून एक, उभ्या उसात मोजणी नीट होत नाही त्यामुळे तारीख पीक निघाल्यावरची पडेल असं बघा. मजूर, चुना, हद्दीचे दगड आपणच न्यायचे असतात. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते पण तुम्ही स्वतः घरी जाऊन सांगा, ते हजर असले की जाग्यावरच शंका मिटतात, नाहीतर हरकत येते आणि निमताना मोजणीची, म्हणजे हरकतीनंतरच्या फेरमोजणीची, वेगळी फी बसते. शेवटी क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की तीच खरेदीखताला जोडा, चतुःसीमाही त्या नकाशावरूनच लिहा.