पायाभरणीला जातोयस? मग एवढं ऐक

नव्या बेसबॉल स्टेडियमच्या पायाभरणीला पहिल्यांदाच जातोयस, तर निघण्याआधी तारीख पुन्हा बघून घे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या टार्गेट फील्ड या स्टेडियमचा समारंभ २ ऑगस्ट २००७ ला ठरला होता. आदल्या संध्याकाळी शहरातला मिसिसिपीवरचा पूल कोसळला आणि कार्यक्रम ३० ऑगस्टवर गेला. तेच योग्य होतं.

भाषणं लांबतात, लांबू देत. पण मान्यवरांनी फावड्याने माती उलटली, फोटो झाले, की गर्दीबरोबर लगेच परतू नकोस. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथे उभा राहून खेळतो ती जागा, नेमकी कुठे येणार, ते तिथल्या कुणाला तरी विचार. जाऊ दिलं तर त्या जागी उभा राहा आणि पहिल्या बेसच्या, म्हणजे बॅटर धावत आधी गाठतो त्या थांब्याच्या, दिशेने ९० फूट चाल. साधारण पस्तीस पावलं होतात. मग परत होम प्लेटच्या जागी ये आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जिथे असेल त्या बाजूला तोंड कर. नियमपुस्तकानुसार होम प्लेटपासून पिचरकडे जाणारी ही रेषा शक्यतो पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे दुपारचं उतरतं ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येत नाही. मोकळ्या मातीवर हे सगळं जितकं लख्ख कळतं, तितकं नंतर खुर्चीत बसून कळत नाही. माझ्या तर अंगावर काटा येतो.

बूट जुनेच घाल, चिखल असतो. टोपी मात्र आपल्या संघाचीच.