निवेदक नेमल्यावर आपण किती लक्ष घालावे?

प्रश्न : माझे वडील कृषी खात्यात होते. १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यात काढलेल्या दिवसांच्या आठवणी त्यांनी निवृत्तीनंतर लिहिल्या. ते गेल्या वर्षी गेले. सुमारे ५२,००० शब्दांचे हे पुस्तक ऐकण्याच्या स्वरूपात काढावे, असे आम्हा भावंडांना वाटते आणि एका स्टुडिओमार्फत एक अनुभवी निवेदकही ठरले आहेत. ‘फाइल पाठवा आणि निश्चिंत राहा,’ असे स्टुडिओचे म्हणणे आहे. निवेदकांनी पाठवलेल्या नमुन्यात आवाज उत्तम आहे, मात्र गावकऱ्यांचे बोलणे मला तमाशातल्या सोंगाड्यासारखे वाटले. मी सगळे दिवस स्टुडिओत बसावे काय, की जाणत्या माणसाच्या कामात ढवळाढवळ करू नये? शिवाय पुस्तकाची छोटी प्रस्तावना माझी आहे. ती मीच वाचली तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नमुन्यात जे खटकले ते आपण निवेदकांना अजून कळवलेले दिसत नाही. ते आजच कळवावे. आज त्यासाठी एक फोन पुरेल. सहा प्रकरणे ध्वनिमुद्रित झाल्यावर तीच गोष्ट सांगितली, तर स्टुडिओचे भाडे, निवेदकांचे दिवस आणि दोघांचाही उत्साह यांची किंमत मोजावी लागेल. आपण किती लक्ष घालावे यापेक्षा केव्हा घालावे हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माइक सुरू होण्यापूर्वी आपण जितके लक्ष घालाल तितके थोडेच आहे, आणि तो सुरू झाल्यावर मात्र हात आखडता घ्यावा.

कळवायचे कसे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘जरा कमी गावरान करा’ असे सांगितल्यास निवेदक सोंग थोडे पातळ करतील, पण ते सोंगच राहील. त्याऐवजी बोलणारा माणूस कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, ते सांगावे. उदाहरणार्थ, खडी फोडायला आलेला माणूस मुकादमाला हजेरीबद्दल विचारत असेल, तर त्याला विनोद करायचा नाही. आजचा दिवस मांडला गेला नाही तर घरी काय न्यायचे, याची त्याला धास्ती आहे. एवढे कळले की चांगला निवेदक हेल आपोआप खाली आणतो. स्वतः वाक्य म्हणून दाखवून ‘असे म्हणा’ असे मात्र सांगू नये. ही चूक मी ऐन उमेदीत एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या बाबतीत केली होती. त्यांनी माझी हुबेहूब नक्कल करून दाखवली, माझ्या नाकातल्या आवाजासकट, आणि ‘हे चालेल?’ असे शांतपणे विचारले. त्या दुपारी आमचे फारसे काम झाले नाही.

आपला खरा वाटा आहे तो उच्चारांच्या यादीत, आणि ती आपल्या कुटुंबाशिवाय कोणी करू शकणार नाही. आपली लिपी ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन उच्चार वेगळे दाखवत नाही. ‘चारी बाजूंनी’ यातला ‘च’ आणि ‘शेतात चारी खणली’ यातला ‘च’ कागदावर एकच दिसतो. संदर्भ हुकला की शहरात वाढलेला निवेदक दुसरा शब्द पहिल्यासारखा वाचून जातो आणि माणदेशातला ऐकणारा तिथेच अडखळतो. ‘७/१२’ हे सातबारा आहे, भागाकार नव्हे. ‘कै.’, ‘ता.’, ‘जि.’ ही अक्षरे वाचायची की पूर्ण शब्द म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. ‘सुकडी’ (दुष्काळी कामांवर मिळणारे पौष्टिक पिठाचे खाणे) आणि ‘मिलो’ (परदेशातून आलेली लाल ज्वारी) हे त्या दुष्काळातले शब्द ज्यांनी खाल्ले त्यांना सांगावे लागत नाहीत, पण आज चाळिशीत असलेल्या निवेदकांच्या कानावर ते कदाचित कधी पडलेही नसतील. अशी दीडशे-दोनशे शब्दांची, वाड्यावस्त्यांच्या नावांची आणि माणसांच्या आडनावांची यादी पुस्तकाच्या पानांच्या क्रमाने करावी आणि घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून ती मोबाइलवर वाचून घ्यावी. वडिलांच्या आवाजाचे एखादे ध्वनिमुद्रण घरात असेल तर त्यातील दहा मिनिटेही सोबत पाठवावीत. मात्र ते केवळ त्या बोलीची चाल कानावर पडावी म्हणून आहे, नक्कल करण्यासाठी नाही, हे स्पष्ट लिहावे. निवेदक आपले वडील होऊ शकत नाहीत, आणि तशी अपेक्षा मनात ठेवून आपण स्टुडिओत काचेपलीकडे बसलात तर प्रत्येक वाक्य आपल्याला उणेच वाटेल.

आता स्टुडिओत बसण्याविषयी. मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्दांच्या संथ वाचनाने आपले पुस्तक आठ ते नऊ तासांचे होईल. चुका, पाणी, पुन्हा घेतलेली वाक्ये हे सारे धरून प्रत्यक्ष मुद्रणाला त्याच्या दुप्पट ते अडीचपट वेळ लागतो, आणि दिवसाला चार तासांपलीकडे आवाज ताजा राहत नाही. म्हणजे पाच-सहा दिवसांचे काम झाले. पहिल्या दिवशी आपण अवश्य जावे. पहिले प्रकरण पूर्ण ऐकावे, वेग आणि पट्टी ठरवावी, संवाद असलेले एखादे पान मुद्दाम त्याच दिवशी घ्यायला सांगावे, आणि दुपारी घरी परतावे. भावंडांपैकी एकानेच बोलावे आणि तेही ध्वनिमुद्रकामार्फत. आत माइकसमोर बसलेल्या निवेदकाला काचेतून सगळे दिसते: कोणी मान हलवली, कोणी घड्याळ पाहिले, दोघे एकमेकांच्या कानात काय बोलले. एक टेक (सलग घेतलेला तुकडा) संपल्यावर टॉकबॅकचे, म्हणजे बाहेरून आत बोलण्याचे, बटण कोणी दाबले नाही आणि अर्धे मिनिट शांतता पसरली, की त्याला वाटते आपले काहीतरी चुकले. बाहेर तेव्हा चहा कोण घेणार एवढीच चर्चा चाललेली असते. उरलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी त्या दिवसाचे कच्चे मुद्रण मागवून ऐकावे. एखादा उच्चार सतत चुकत असेल तर तो दुसऱ्या दिवशी सकाळीच थांबवता येतो.

अंतिम तपासणी पुस्तक हातात घेऊन करावी. गळलेला शब्द, चुकीचा उच्चार, चुकलेली संख्या या चुका झाल्या. त्या दुरुस्त करून मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ‘हे वाक्य जरा भावपूर्ण हवे होते’ ही आवड झाली, आणि तिच्यासाठी निवेदकांना पुन्हा बोलावणे सहसा योग्य नसते. वाचताना वडिलांचेच एखादे वाक्य बदलावेसे वाटले तर त्याचे जादा पैसे द्यावे लागतील, हे गृहीत धरावे. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या मूळ मानधनात बसतात, हे आधीच लेखी घ्यावे. त्याच कागदावर निवेदकांचे नाव श्रेयात येईल आणि त्यांच्या मुद्रणावरून त्यांचा आवाज यंत्राकडून तयार करवून घेतला जाणार नाही, ही दोन कलमेही असावीत. हा भाग स्टुडिओवर सोडू नये.

प्रस्तावना आपणच वाचावी. ती शेवटच्या दिवशी ठेवावी, त्याच खोलीत आणि त्याच माइकवर, म्हणजे दोन आवाजांखालची शांतता सारखी राहील. घरी मोबाइलवर वाचून पाठवलेली प्रस्तावना पंख्याच्या आवाजासकट येते आणि श्रोता पहिल्याच मिनिटाला बिचकतो. आदल्या रात्री ती तीनदा मोठ्याने वाचून पाहावी. जिथे दम संपतो तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारावी आणि वाक्य फारच लांब असेल तर ते तोडावे. ते वाक्य आपले आहे, त्यामुळे त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.